दायमाबादची कांस्यशिल्पे

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर, दायमाबाद हे ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे स्थळ आहे. १९७४ साली तेथे झुडपाची मुळे खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला कांस्याची चार शिल्पे सापडली : बैलजोडी जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. ही शिल्पे भरीव ओतकामाची असून त्यांचे एकत्रित वजन ६० किलोग्रॅमहून अधिक आहे. आज ती संग्रहालयात जतन केलेली आहेत.

चौघांत रथ सर्वांत विलक्षण आहे. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. रथात सारथी उभा आहे आणि जुवाकडे जाणाऱ्या लांब दांडीवर चक्क एक कुत्रा! गेंडा व रेडा यांनाही चाके आहेत; हत्तीच्या चौथऱ्याखाली चाकांचा आस बसवण्याची सोय आहे. एवढा मोलाचा धातू त्या काळी कोणी खेळण्यासाठी वापरला असेल, हे संभवत नाही. ही शिल्पे धार्मिक मिरवणुकीत ओढून नेली जात असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. हत्ती, गेंडा व रेडा हे तिन्ही प्राणी मोहेंजोदडो येथील प्रसिद्ध ‘पशुपती’ मुद्रेवरही कोरलेले आहेत.

शिल्पांचा काळ मात्र वादाचा आहे. काही विद्वान ती उत्तर-हडप्पा काळातील मानतात, तर काही जण धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून त्याविषयी शंका घेतात. शिल्पे शास्त्रीय उत्खननात, मातीच्या निश्चित थरात मिळाली असती, तर हा वाद बराचसा मिटला असता.

धातूच्या वस्तूला आणखी एक भय असते, भट्टीचे. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात १९३६ साली सोन्याचा एक ‘तुमी’ सापडला. तुमी म्हणजे अर्धचंद्राकृती पात्याचा, धार्मिक विधीतील सुरा. या तुमीच्या मुठीवर मानवाकृती घडवलेली होती व तीत पिरोजाचे खडे जडवलेले होते. १९८१ साली चोरांनी तो लिमा शहरातील संग्रहालयातून पळवला आणि वितळवून टाकला. सोने उरले, तुमी नष्ट झाला.

भारतात अशा वस्तूंसाठी १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना देणे त्यानुसार बंधनकारक आहे. त्या सूचनेत वस्तूचे स्वरूप व अंदाजे किंमत लिहावी लागते. शिवाय ती नेमकी कोठे आणि कोणत्या दिवशी सापडली, हेही.