यकृताचे काठिण्य : स्पर्श आणि मापन

उदरपरीक्षणात यकृत् बरगडीखाली दोन बोटे लागले, की आपण तसे केसपेपरवर नोंदवितो. काही महिन्यांच्या चिकित्सेनंतर ते हाताला लागेनासे झाले, की 'यकृत् उतरले' असे लिहून रुग्णाचे व स्वतःचेही समाधान करतो. हे समाधान दर वेळी खरे असते काय?

चरकाचार्यांनी प्लीहोदराचे वर्णन करताना वृद्धीबरोबर काठिण्यही सांगितले आहे आणि आकारासाठी कासवाची उपमा योजली आहे. हा कठिण गुण आज किलोपास्कल या एककात मोजता येतो. फ्रान्समध्ये विकसित झालेल्या पद्धतीत त्वचेवरून ५० हर्ट्झचा सौम्य आघात देतात व त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते, हे सोनोग्राफीच्या तत्त्वाने पाहतात. ऊतक जितके कठिण, तितकी लहर वेगवान. वेग दुप्पट झाल्यास काठिण्य चौपट. निरोगी यकृताचे मापन साधारणतः ५ किलोपास्कलच्या आसपास असते. यकृतशोथ-सी च्या रुग्णांत ते १२.५ च्या वर गेल्यास सिरोसिसचा संशय बळावतो.

काठिण्य हे रोगाचे केवळ फळ नव्हे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेनिस डिशर व सहकाऱ्यांनी २००६ साली दाखविले, की एकाच प्रकारच्या मूलपेशी मृदु आधारावर मज्जापेशींसारख्या, मध्यम आधारावर मांसपेशींसारख्या, तर कठिण आधारावर अस्थिपेशींसारख्या घडू लागतात. पेशीला आपल्या आधाराचा स्पर्श कळतो. यकृतातील ताराकृती पेशीही कठिण आधारावर तंतू निर्माण करू लागतात. त्या तंतूंनी काठिण्य आणखी वाढते. आपल्या परिभाषेत, येथे कार्यच पुन्हा हेतू होते.

धोका पुढेच आहे. तंतू आकसले, की यकृत् लहान होऊन बरगडीआड जाते. तेव्हा ते हाताला लागत नाही, आणि आपण ज्याला उपशय समजतो ती रोगाची पुढची अवस्था असू शकते.

मापनालाही मर्यादा आहेत. भोजनोत्तर, तीव्र यकृतशोथात, पित्तमार्गावरोधात व हृद्रोगजन्य रक्तसंचयात आकडा वाढतो. जलोदरात ही पद्धत उपयोगी पडत नाही. म्हणून मापनापूर्वी किमान तीन तास लंघन हवे आणि अर्थ लावताना रुग्णाचा समग्र विचार हवा.

स्पर्शपरीक्षा सोडावी, असे आमचे म्हणणे नाही. परंतु 'यकृत् उतरले' असे लिहिण्यापूर्वी, तसेच औषधालयांनी यकृद्विकारहर कल्पाचा दावा वेष्टनावर छापण्यापूर्वी, चिकित्सेच्या आधीचे व नंतरचे मापन हाती असावे, हे आम्ही आग्रहाने सांगतो.