मोटार शर्यतीतील शिरोरक्षण

मोटार शर्यतीतील शिरोरक्षण : चाके सांगाड्याबाहेर उघडी असलेल्या व वरून न झाकलेल्या एकासनी मोटारींच्या शर्यतीत चालकाच्या डोक्याला इजा होऊ नये, म्हणून योजलेली साधने. फॉर्म्युला वन, फॉर्म्युला टू व अमेरिकेतील इंडीकार या शर्यती या प्रकारात मोडतात. अशा मोटारीत चालकाचे धड सांगाड्याच्या आत असते. डोके मात्र उघडे राहते. त्यास मुख्यतः तीन धोके संभवतात : डोके कठीण वस्तूवर आपटणे, मानेला हिसका बसणे व बाहेरून जड वस्तू डोक्यावर येणे. यांवर अनुक्रमे शिरस्त्राण, मानेचा आधार व मोटारीलाच जोडलेले कडे हे उपाय योजण्यात आले.

शिरस्त्राण : आरंभीचे चालक कापडी किंवा चामडी टोपी वापरीत. फॉर्म्युला वनमध्ये १९५२ पासून कठीण कवचाचे शिरस्त्राण सक्तीचे झाले. १९६८ मध्ये अमेरिकन चालक डॅन गर्नी यांनी संपूर्ण चेहरा झाकणारे शिरस्त्राण वापरले व पुढे तेच रूढ झाले. आधुनिक शिरस्त्राणाचे कवच कार्बन तंतूंचे असून आत पॉलिस्टायरिनच्या फेसाचे अस्तर असते. कवच आघात विस्तृत क्षेत्रावर पसरविते, तर अस्तर चेपले जाऊन डोके थांबण्यास लागणारा काळ वाढविते. त्यामुळे मेंदूवरील ताण घटतो. २५ जुलै २००९ रोजी हंगेरीत पुढील मोटारीतून निसटलेली सु. ८०० ग्रॅ. वजनाची स्प्रिंग फेलीपे मासा यांच्या शिरस्त्राणावर आदळली. कवटीस इजा होऊनही ते बचावले. त्यानंतर, २०११ पासून, डोळ्यांपुढील पारदर्शक पडद्याच्या वरच्या कडेवर झायलॉन या चिवट तंतूची पट्टी आली.

मानेचा आधार : समोरून टक्कर झाली असता पट्ट्यांनी जखडलेले धड थांबते, डोके मात्र जडत्वामुळे पुढे जात राहते. शिरस्त्राणाच्या वजनाने हा ओढा वाढतो व कवटीच्या तळाचे हाड मोडू शकते. ३० एप्रिल १९९४ रोजी इमोला येथे रोलँड रॅट्झेनबर्गर यांना अशीच प्राणघातक इजा झाली. रॉबर्ट हबर्ड या अमेरिकन जीवयामिकीच्या प्राध्यापकांनी १९८०–९० या दशकाच्या आरंभी ‘हॅन्स’ हे साधन तयार केले होते. ते खांद्यांवर, पट्ट्यांखाली बसते व दोन आखूड बंधांनी शिरस्त्राणास जोडलेले असते. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ मध्ये सक्तीचे झाले.

संरक्षक कडे : सुटलेल्या चाकापुढे मात्र शिरस्त्राण अपुरे पडते. १९ जुलै २००९ रोजी ब्रँड्स हॅच येथे दुसऱ्या मोटारीचे चाक डोक्यावर आदळून अठरा वर्षांचे हेन्री सर्टीझ मृत्युमुखी पडले. ऑगस्ट २०१५ मध्ये पोकोनो येथे अपघातग्रस्त मोटारीचा तुकडा लागून जस्टिन विल्सन यांचा अंत झाला. दीर्घ चाचण्यांनंतर २०१८ पासून फॉर्म्युला वन व टूमध्ये ‘हेलो’ हे कडे सक्तीचे करण्यात आले. टिटॅनियमाच्या मिश्रधातूचे हे कडे सु. ७ किग्रॅ. वजनाचे असून सु. १२ टनांचा भार सहन करते. समोरील एक खांब व मागील दोन टोके यांनी ते सांगाड्यास जोडलेले असते.

कड्याने मोटारीचे रूप बिघडते, दृष्टी अडते व उघड्या मोटारीची परंपरा मोडते, असे आक्षेप तेव्हा घेण्यात आले. रोमँ ग्रोझाँ हेही विरोधकांत होते. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे त्यांची मोटार लोखंडी कठडा भेदून पेटली. कड्याने कठडा डोक्यावरून दूर सारला व ते ज्वाळांतून बाहेर आले. आपले पूर्वीचे मत चुकीचे होते, हे त्यांनी नंतर मान्य केले.

कड्यालाही मर्यादा आहेत. त्याच्या मोकळ्या भागातून लहान तुकडे आत येऊ शकतात. म्हणून इंडीकारमध्ये २०२० पासून धातूच्या चौकटीस पॉलिकार्बोनेटाचा पारदर्शक पडदा जोडतात. शिवाय अतितीव्र आघातात कवटी शाबूत राहूनही मेंदूस इजा होऊ शकते. म्हणून ही तिन्ही साधने परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत.