मुलांच्या क्लबची फोटो गॅलरी: अपलोड करण्याआधी पालकांना विचारलंत का?

"सर, क्लबची वेबसाइट रेडी आहे, आता फक्त फोटो टाकायचे राहिलेत," हे वाक्य मला ट्रेनिंगमध्ये नेहमी ऐकायला मिळतं. बटण कुठे आहे, प्लगइन कुठलं घ्यायचं हे व्हिडिओत दाखवलंय, ते दहा मिनिटांचं काम आहे. इथे मी त्या "फक्त" बद्दल बोलणार आहे. कारण हे फोटो तुमच्या दुकानातल्या मालाचे नाहीत, दुसऱ्यांच्या लेकरांचे आहेत.

आधी धंद्याची बाजू बघू. माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. बूट घ्यायला आलेले आईबाबा हमखास विचारतात, "इथे जवळ चांगला क्लास कुठला?" आणि मी नाव सांगितलं की तिथेच उभे राहून मोबाईलवर शोधतात. ते काय बघतात? कप आणि मेडलचे फोटो पटकन पुढे सरकवतात. थांबतात कुठे, तर रोजच्या सरावाच्या फोटोवर. मॅट जाड आहे का, वर चढलेल्या मुलाजवळ सर उभे आहेत का, एका सरांमागे किती मुलं आहेत, मुली येतात का. सत्काराचे वीस फोटो टाकून जे साधत नाही, ते सरावाच्या चार फोटोंनी साधतं. पाहुण्यांच्या हाराचे फोटो तर टाकूच नका, पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा, ते खूश होतील.

आता परवानगी. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, २०२३ या कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला जातो आणि त्याची डिजिटल माहिती वापरायला पालकांची खात्री करता येईल अशी संमती लागते. ज्यात मूल ओळखू येतं असा फोटो ही माहितीच झाली. मुलांच्या बाबतीतल्या अटी मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. गल्लीतल्या क्लबला कोणी २०० कोटी लावेल असं मी म्हणत नाही, उगाच घाबरू नका. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य अटींसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. पण खरं सांगू? कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. एखाद्या घरात आईवडिलांचा कोर्टात ताब्याचा वाद चालू असतो, मूल कुठे जातं हे एका बाजूला कळू द्यायचं नसतं. हे ते तुम्हाला ॲडमिशनच्या दिवशी सांगणार नाहीत. तुम्ही विचारलंत तर निदान "नको" म्हणायची जागा मिळते.

म्हणून ॲडमिशन फॉर्मवर तीन वेगळे चौकोन ठेवा: वेबसाइट, इन्स्टाग्राम-फेसबुक, आणि छापील पत्रक. खाली साध्या मराठीत एवढंच लिहा: "माझ्या पाल्याचा सरावाचा किंवा स्पर्धेचा फोटो वर खूण केलेल्या ठिकाणी वापरायला माझी संमती आहे. ही संमती मी कधीही एका मेसेजवर मागे घेऊ शकतो/शकते." चौकोन आधीच टिक करून ठेवू नका. आणि "फोटोला हो म्हणा, नाहीतर प्रवेश नाही" असलं काही करू नका. कायद्याने संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असायला हवं.

ज्यांनी "नाही" लिहिलंय त्यांची यादी फोटो काढणाऱ्याच्या हातात द्या. काही ठिकाणी अशा मुलांना वेगळ्या रंगाची रिबन बांधतात, मला ते अजिबात पटत नाही. नऊ वर्षांच्या पोराला सगळ्यांत वेगळं का पाडायचं? एक ग्रुप फोटो सगळ्यांचा काढा, तो त्यांच्या पालकांना द्या. दुसरा पाठमोरा काढा, तो साइटला चालतो.

मल्लखांब, जिम्नॅस्टिक, पोहणं शिकवणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्या. मल्लखांबाला मुलं उघड्या अंगाने, लंगोट किंवा छोट्या चड्डीत असतात. आखाड्यात ते अगदी नैसर्गिक आहे, पण इंटरनेटवर तोच फोटो कोण कशासाठी उतरवून घेईल ते आपल्या हातात नाही. त्यामुळे खालून घेतलेले, पाय फाकलेल्या पोझचे, एकट्या मुलाचे क्लोजअप बाजूला काढा. लांबून, बाजूने घेतलेला, खांब आणि मॅट पूर्ण दिसणारा मनोऱ्याचा फोटो घ्या. कौशल्यही त्यातच जास्त दिसतं. निवड करताना शक्यतो एका महिला प्रशिक्षक किंवा पालकाला सोबत बसवा, नजर वेगळी पडते.

फोटोखाली पूर्ण नाव नको. नाव, शाळेचा टी-शर्ट आणि साइटवर दिलेली बॅचची वेळ एकत्र केली की संध्याकाळी सहा वाजता ते मूल कुठे सापडेल हे कुणालाही कळतं. "१२ वर्षांखालील गट, जिल्हा स्पर्धा" एवढं पुरे. फाइलच्या नावातही मुलाचं नाव ठेवू नका, गूगल ते वाचतं. शिवाय मोबाईलच्या फोटोत लोकेशन दडलेलं असतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बंद करा आणि जुने फोटो टाकण्याआधी तपासा.

साइजचं गणित छोटं आहे. मोबाईलचा एक फोटो साधारण ५ एमबी धरा, ४० फोटो म्हणजे २०० एमबी. रिक्षात बसून बघणारे बाबा एवढं उघडेपर्यंत थांबत नाहीत. रुंदी १६०० पिक्सेल करून वेबपी फॉरमॅटमध्ये सेव्ह केला तर फोटो बहुतेक वेळा २००-३०० केबीत बसतो. स्क्वूश नावाच्या मोफत वेबसाइटवर हे होतं. तसेही ४० नकोतच. वर्षाला एक अल्बम, १२ ते १५ फोटो. बाकीचे पालकांना खासगी लिंकने द्या, आणि ती लिंक क्लबच्या पेजवर चिकटवू नका.

फोटो कोणी काढला हेही बघा. तुम्ही पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला असेल आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइट तुमचा. स्पर्धेच्या आयोजकांनी बोलावलेल्या फोटोग्राफरचे किंवा एखाद्या पालकाने हौसेने काढलेले फोटो विचारल्याशिवाय वापरू नका.

गॅलरीच्या खाली एक ओळ टाका: "फोटो काढून हवा असल्यास या नंबरवर कळवा", आणि क्लबचा नंबर. मेसेज आला की कारण विचारत बसू नका, त्याच दिवशी काढा. मात्र वर्डप्रेसमध्ये गॅलरीतून फोटो काढला तरी फाइल मीडिया लायब्ररीत तशीच राहते आणि जुन्या लिंकवर उघडते. लायब्ररीत जाऊन "कायमचं डिलीट" करा. त्यानंतरही गूगलच्या इमेजेसमध्ये तो काही दिवस दिसू शकतो. त्यासाठी गूगलचं "रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट" पान आहे, तिथे लिंक टाकून विनंती करता येते. १८ वर्षांखालच्या मुलाचा फोटो सर्चमधून हटवायची विनंती पालकही थेट गूगलकडे करू शकतात. हे तुम्हीच त्यांना सांगा, आणि जमत नसेल तर क्लबमध्ये बोलावून समोर बसून फॉर्म भरून द्या.