टर्बो मागे, धोका सीटखाली

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाचे सुमारे 4300 मीटर उंचीचे शिखर आहे. 1911 मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन आपल्या सहकाऱ्यांसह तिथे काही आठवडे मुक्कामाला राहिले. विरळ हवेशी माणसाचे शरीर कसे जुळवून घेते, हे त्यांना पाहायचे होते. श्वसन वाढते आणि हळूहळू रक्तातले हिमोग्लोबिनही वाढते, असे त्यांना आढळले. सात वर्षांनी त्याच शिखरावर जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे अभियंते सॅनफर्ड मॉस विमानाचे लिबर्टी इंजिन घेऊन चढले. खाली सुमारे 350 अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर 230 वर आले. टर्बोचार्जर जोडताच पुन्हा 350 च्या पुढे गेले. शरीराला जे साधायला आठवडे लागतात, ते इंजिनाने हवा दाबून आत घेऊन लगेच साधले.

या युक्तीचे मूळ पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांचे, 1905 सालचे. इंधनातल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा गरम धुराबरोबर सायलेन्सरवाटे वाया जातो. टर्बोमध्ये एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो आणि त्याबरोबर फिरणारा दुसरा पंखा ताजी हवा दाबून इंजिनात ढकलतो. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येते. गाडीतला छोटा टर्बो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे सहज घेतो.

एरवी हा टर्बो इंजिनाला अगदी चिकटून असतो. तिथे धूर सर्वांत गरम आणि जोरकस असतो. पण ज्या गाडीला कारखान्यातून टर्बो आलेलाच नाही, तिच्या बॉनेटखाली तो बसवायला जागा नसते आणि त्याच्या उष्णतेने आजूबाजूच्या वायरी, रबरी नळ्या भाजून निघतात. मोठ्या व्ही-8 इंजिनांच्या गाड्यांना नंतर टर्बो बसवणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी यावर तोडगा काढला. टर्बो थेट मागे, सायलेन्सरच्या जागी बसवायचा आणि दाबलेली हवा लांब नळीने पुन्हा पुढे इंजिनाकडे आणायची.

कल्पना नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या पी-47 थंडरबोल्ट या लढाऊ विमानाचे इंजिन नाकात होते आणि टर्बो वैमानिकाच्या मागे, शेपटीच्या बाजूला. धूर पोटाखालच्या नळ्यांतून मागे जायचा आणि दाबलेली हवा पुढे यायची.

मोटारीत या रचनेचे फायदे खरे आहेत. बॉनेटखाली गर्दी होत नाही, तिथली उष्णता वाढत नाही. दाबल्यामुळे तापलेली हवा लांबच्या नळीतून येताना थोडी निवते. तोटेही आहेत. मागे पोचेपर्यंत धूर थंड होऊन आकसतो आणि त्यातली ऊर्जा घटते. त्यामुळे धुराच्या बाजूची वाट लहान मापाची निवडावी लागते आणि नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी लागते. लांब नळ्या भरून दाब तयार व्हायला क्षणभर जास्त वेळ लागतो. टर्बो इंजिनापेक्षा खाली असल्याने त्यातले ऑइल आपोआप परत वाहत नाही. त्यासाठी वेगळा पंप लागतो. तो बंद पडला तर ऑइल टर्बोत साचते आणि गरम धातूवर गळले तर आगीची भीती असते. हवेचा फिल्टरही मागे, रस्त्यालगत बसवला असेल तर धूळ आणि पाणी आत जाऊ शकते.

हे सारे तोटे यंत्राचे आहेत. माणसाशी संबंध येतो तो एका साध्या गोष्टीमुळे. धुराने पंखा फिरवायचा म्हणजे पंख्याच्या अलीकडे धूर तुंबतो. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच जास्त असतो. नेहमीच्या रचनेत हा दाबाचा टप्पा बॉनेटखालच्या वीतभर जाड ओतीव लोखंडात संपतो. टर्बो मागे नेला की हाच टप्पा दोन-तीन मीटर लांब होतो आणि चालक-प्रवाशांच्या पायांखालून जातो. त्यात वेल्डिंगचे जोड आणि गास्केटे येतात. खड्डे, गतिरोधक आणि वारंवार तापणे-निवणे सोसायचे ते याच जोडांनी. साध्या सायलेन्सरला भेग पडली तर धूर झिरपतो. इथे तो जोराने बाहेर पडतो. ऑइलच्या नळ्या किंवा वायरी नेण्यासाठी फरशीला भोक पाडून ते नीट बुजवले नसेल, डिकीचे रबर सैल असेल, तर तो धूर आत येतो.

त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोल इंजिनावर पूर्ण जोर पडतो तेव्हा इंधनाचे प्रमाण वाढवले जाते आणि हा वायू जास्त तयार होतो. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकला असेल तर तो शुद्ध करणारे काहीच उरत नाही. या वायूला रंग नाही, वास नाही. ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे तो हिमोग्लोबिनला चिकटतो. पाइक्स पीकवर जाणाऱ्या हाल्डेन यांनी त्याआधी 1890 च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते. खाणीत धोक्याची सूचना मिळावी म्हणून उंदीर किंवा कॅनरी पक्षी सोबत नेण्याचा सल्लाही त्यांचाच.

सुरुवातीची लक्षणे फसवी असतात: डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे. घाटात असे झाले की ‘गाडी लागली’ म्हणून सोडून दिले जाते. पण गाडी चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. चालकासकट सगळ्यांचेच डोके दुखू लागले आणि खाली उतरून मोकळ्या हवेत बरे वाटले, तर संशय धुरावर घ्यावा. गर्भवती आणि लहान मुले यांना धोका अधिक. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनयुक्त भासते आणि अत्यवस्थ रुग्णातही आकडा 98 दिसू शकतो.

अशा वेळी गाडी थांबवून इंजिन बंद करावे, सर्वांना बाहेर काढावे आणि दवाखान्यात ‘आम्ही गाडीत होतो’ हे आवर्जून सांगावे. रक्ताच्या विशेष तपासणीत निदान होते. साध्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, तर मास्कने शंभर टक्के ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास.

आपल्याकडे असा बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचे कलम 52 वाचावे. उत्पादकाने दिलेला मूळ तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्र यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. पण गंजलेला सायलेन्सर हा कुठल्याही जुन्या गाडीचा आजार आहे आणि त्याला टर्बो लागत नाही.

मागे टर्बो असलेल्या गाडीत मात्र एक सोय आहे. गळती सुरू झाली की पंख्याला पुरेसा धूर मिळत नाही, पिकअप कमी होतो आणि खालून फुसफुस ऐकू येते. मालक ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जातो ती ताकद कमी झाली म्हणून. मेकॅनिकने त्याला आणखी एक प्रश्न विचारायला हवा: गाडीत कुणाचे डोके दुखते का?