समुद्रवारा आणि नवा ‘ड्रायव्हर’

व्याख्या : डिस्क गोल्फमधील लांब फेकीची, निमुळत्या कडेची चकती, अशी पहिली चकती १९८३ साली अमेरिकेत डेव्ह डनिपेस यांनी सिद्ध केली.

कायदा : व्यास किमान २१ सें.मी.; वजन दर सें.मी. व्यासामागे कमाल ८.३ ग्रॅम.

वारा : फेकीची जागा मुंबईतील वरळी कोळीवाडा; तिथे, किल्ल्याच्या बाजूस, दिवसा समुद्राकडून, रात्री बहुधा जमिनीकडून, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी.

परीक्षा : उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली चकती समोरच्या वाऱ्यात उचलली जाऊन उजवीकडे अधिक कलते, तर पाठीमागच्या वाऱ्यात, उचल घटल्यामुळे, लवकर डावीकडे उतरते, म्हणून एकच चकती दोन्ही दिशांनी फेकून पाहणे इष्ट. कड झिजलेली चकती नव्यापेक्षा अधिक उजवीकडे वळते. भरतीच्या वेळी खडकांकडे फेकू नये, हे ओघानेच आले.