पोटावरच्या रेषा, जांघेतल्या रेषा

गरोदरपणी पोटाला खाज सुटली की घरातली वडीलधारी मंडळी बजावतात, ‘खाजवू नकोस, व्रण राहतील.’ या रेषा खाजवल्याने पडत नाहीत. पोट वाढताना त्वचेच्या आतल्या थरातले लवचिक तंतू ताणून तुटतात; संप्रेरकांमुळे ते आधीच नाजूक झालेले असतात. आईला रेषा असल्यास मुलीला होण्याचा संभव जास्त. खोबरेल तेल जरूर लावावे, खाज कमी होईल. रेषा टळतील असे समजू नये. लालसर रेषा पुढे आपोआप पांढुरक्या होतात, पण पूर्ण जात नाहीत. ताज्या रेषांवर ट्रेटिनॉइन मलमाने थोडा फरक पडतो, मात्र गरोदरपणी ते वर्ज्य.

उंची भराभर वाढणाऱ्या मुलांच्या पाठीवरही आडव्या रेषा उमटतात. मारल्याचे वळ समजून उगाच कुणाला धारेवर धरू नये!

खरी काळजी जांघेतल्या रेषांची. गजकर्णासाठी दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून तेच महिनोन्‌महिने चोळले जाते. त्वचा पातळ होऊन कायमच्या रेषा पडतात, गजकर्ण पसरतच राहते. नळीवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिले आहे का, ते पाहावे.

रेषा जांभळ्या, बोटभर रुंद असतील आणि चेहरा गोल होत असेल, तर रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या चालू असल्यास त्या डॉक्टरांना दाखवाव्यात. त्यांत स्टेरॉइड असू शकते. मनाने एकदम बंद करू नयेत.