जनुकीय माहितीपासून प्रथिननिर्मिती : 'बॉम्बे रक्तगटा'च्या संदर्भात

प्रस्तावना :
१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका दुर्मिळ रक्तगटाची नोंद केली. या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर ए व बी प्रतिजन नव्हतेच. 'ओ' गटाच्या रक्तात असणारे एच प्रतिजनही नव्हते. हाच पुढे 'बॉम्बे रक्तगट' म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. जनुकातील माहितीपासून पेशी प्रथिन कसे घडविते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात या उदाहरणाच्या आधारे केले आहे.

माहिती ते प्रथिन :
डी.एन.ए.मधील माहिती चार रासायनिक अक्षरांच्या क्रमात साठविलेली असते. पेशीकेंद्रकात जनुकाची प्रत संदेशवाहक आर.एन.ए.च्या रूपाने तयार होते. या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात. ही प्रत रायबोझोमवर तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचली जाते. अशा ६४ त्रिकुटांपैकी ६१ त्रिकुटे २० अमिनो आम्लांचा निर्देश करतात. उर्वरित ३ त्रिकुटे साखळी संपल्याची खूण होत. वाहक आर.एन.ए. त्या त्या त्रिकुटाचे अमिनो आम्ल आणून देतो आणि साखळी वाढत जाते. या साखळीची विशिष्ट घडी पडल्यावरच प्रथिन कार्यक्षम होते.

एका अक्षराचा परिणाम :
रक्तगटाचे प्रतिजन ही शर्करेची रचना आहे. जनुक ती थेट घडवीत नाही. जनुकापासून विकर हे प्रथिन तयार होते व ते विकर शर्करा जोडते. एफयूटी-१ या जनुकापासून ३६५ अमिनो आम्लांचे विकर बनते. ते मूळ साखळीस फ्युकोज जोडून एच प्रतिजन सिद्ध करते. ए व बी विकरे आपापली शर्करा या एचवरच जोडतात. भारतातील अनेक बॉम्बे गटीय व्यक्तींत या जनुकातील ७२५ व्या स्थानी टी ऐवजी जी असते. त्यामुळे २४२ व्या स्थानी जलविरोधी ल्युसिनऐवजी धनभारित आर्जिनिन येते आणि विकर निष्क्रिय ठरते. दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यास एच तयार होत नाही. मग ए किंवा बी जनुक निर्दोष असूनही व्यक्त होत नाही. मात्र ते पुढील पिढीत जाते. म्हणूनच वरवर 'ओ' भासणाऱ्या पालकास ए किंवा बी गटाचे अपत्य होऊ शकते.

समारोप :
बॉम्बे गटाच्या रक्तात एचविरोधी प्रतिपिंडे असतात. साध्या तपासणीत हा गट 'ओ' भासतो. परंतु अशा रुग्णास 'ओ' रक्त दिल्यास प्राणघातक प्रतिक्रिया उद्भवू शकते. त्यास बॉम्बे गटाचेच रक्त लागते. वसई-विरार परिसरातील महाविद्यालयांत होणाऱ्या रक्तगट तपासणीत 'ओ' ठरलेल्या नमुन्यांची एच प्रतिजनासाठी फेरतपासणी रक्तपेढीमार्फत झाल्यास असे दाते वेळीच ज्ञात होतील. जनुकापासून लक्षणापर्यंतचा मार्ग प्रथिनातून जातो, हे विद्यार्थ्यांस पटविण्यास याहून जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल.